‘परवडत नाही’

यंदा आमच्या शाळेचा पट सतरावर आला. गेल्या महिन्यात चावडीवर सभा भरली, तेव्हा एक पुढारी म्हणाले, “गुरुजी, सतरा पोरांसाठी दोन मास्तर सरकारला परवडत नाहीत. पोरं जातील ओढ्यापलीकडच्या शाळेत.” ती शाळा चार किलोमीटरवर! मी गप्प बसलो. घरी येऊन मात्र जुनी पुस्तके काढली. हे ‘परवडत नाही’ मला ओळखीचे वाटत होते.

१८६०च्या पुढे मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांचा. पोर शाळेत जावो न जावो, बापाची पट्टी चुकत नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच दुखणे मांडले. सरकारचा पैसा येतो रयतेच्या कष्टातून आणि शिकतात वरच्या वर्गांची मुले, असा त्यांचा रोख होता. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. ऐकतो कोण?

पुढे १९११च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात विधेयक आणले. गोखले मूळचे शिक्षक, त्यामुळे मागणी अगदी बेताची. ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तिथेच सक्ती, तीही सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना. खर्चाचा एक वाटा स्थानिक संस्थेने उचलावा, दोन सरकारने. ज्या बापाची मिळकत महिना दहा रुपयांहून कमी, त्याला फी माफ. यापेक्षा कमी काय मागायचे? पण प्रांतिक सरकारांचा विरोध, लोकांची मागणी नाही, नवे कर बसतील, अशी कारणे पुढे आली. विधेयक आज पडणार हे गोखले त्या दिवशी भाषणातच सांगून मोकळे झाले होते. १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोधकांत आपलेही लोक होते, हे मला अजून बोचते.

ज्या साम्राज्याला हे परवडले नाही, त्याच्याच छत्राखाली कोल्हापूरसारख्या लहान संस्थानाने पाच वर्षांत ते करून दाखवले. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! कोल्हापूरची तिजोरी काही कुबेराची नव्हती. खर्चात आधी काय धरायचे, एवढे महाराजांनी ठरवले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने इलाख्यातही सक्तीची वाट उघडली, पण ती नगरपालिकांपुरती. खेडी मागेच राहिली.

२००९च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे त्याच्या नियमांत आहे. आमचे पुढारी हे जाणत नसतील असे नाही.

पुढची सभा तुळशीच्या लग्नानंतर आहे. कायद्याचा कागद मी बरोबर नेणार आहे. शिवाय पहिलीतल्या पोरांच्या आयांनाही यायला सांगितले आहे.