तेरावा महिना

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात 2023 च्या दिवाळीआधी एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. सकाळी प्रत्येकाच्या टेबलावर एक खोका आला. त्यात चार खणांमध्ये काजू, बदाम, पिस्ते, मनुके, शिवाय एक सुगंधी मेणबत्ती आणि कंपनीचं नाव छापलेलं शुभेच्छापत्र. दुपारी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावून सांगितलं गेलं, की यंदा ‘व्हेरिएबल पे’ मिळणार नाही. माझ्या बाबतीत ही रक्कम वर्षाच्या पगाराच्या 12 टक्के होती आणि ती धरूनच मी घराच्या हप्त्याचं गणित मांडलं होतं. आधीची तीन वर्षं ती न चुकता मिळाली होती.

संध्याकाळी ऑफर लेटर काढून वाचलं. नोकरीला लागताना ते कुणी वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं. शेवटच्या पानाच्या तळाशी होतं: ही रक्कम देणं न देणं सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर आहे, आणि आधी दिली म्हणून कर्मचाऱ्याचा तिच्यावर हक्क निर्माण होत नाही. पुढे काही महिन्यांनी गिरणगावावरची पुस्तकं वाचताना जवळपास हेच म्हणणं मला बरोबर शंभर वर्षांपूर्वीच्या एका निकालात भेटलं. हा लेख त्या भेटीमुळे लिहितो आहे.

कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर ‘कुणाच्या कंपनीत काय फुकट’ हा न संपणारा विषय आहे. एकाकडे कुत्रं आजारी पडलं तर रजा मिळते. एकाकडे कॉफी करून द्यायला वेगळा माणूस आहे. मला विचाराल तर आजवर मिळालेली सगळ्यात चांगली सवलत म्हणजे आईबाबांचा आरोग्य विमा. बाबांच्या अँजिओप्लास्टीचं बिल त्यातून भागलं तेव्हा मला माझी नोकरी पहिल्यांदा मनापासून आवडली. पण या सवलती मुळात सुरू कशा झाल्या, कुणाला सुचल्या, याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. आपल्याला वाटतं, हे सगळं कॅलिफोर्नियाहून आलं.

नागपूरला जावं लागेल. 1 जानेवारी 1877 रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची कापडगिरणी तिथे सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. कापूस जवळ, कोळसा जवळ, जमीन स्वस्त. अडचण एकच होती, माणसं रोज कामाला येत नसत. शेतीच्या हंगामात, सणाला, लग्नकार्यात किंवा नुसतं दोन दिवस पोटापुरतं मिळालं की खाडा. गिरणीच्या भाषेत खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि मालकांकडे त्यावर एकच औषध होतं, दंड. जमशेटजींनी वेगळं करून पाहिलं. 1886 मध्ये पेन्शन फंड सुरू केला. 1895 पासून अपघातात जखमी होणाऱ्यांना भरपाई द्यायला सुरुवात केली. चांगल्या कामगारांना समारंभ करून बक्षिसं वाटली. साच्यांच्या खात्यांत हवा खेळती आणि दमट राहील अशी यंत्रं बसवली. (दमट हवेत सूत कमी तुटतं, हा त्यातला मालकाचा फायदा. माणसाला ती मानवते का, हा निराळा प्रश्न.) अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात 1923 साली आला आणि भविष्य निर्वाह निधीचा 1952 साली, यावरून हे किती आधीचं होतं ते कळेल.

मी जमशेटजींना कमी लेखत नाही. हे करायला मोठं मन लागतं, आणि इतर मालकांकडे तीच अडचण असून त्यांना हे सुचलं नाही. पण सवलतीचा जन्म कुठे झाला ते लक्षात ठेवायला हवं. माणूस टिकत नव्हता, म्हणून ती आली. आमच्याकडे फुकट नाश्ता साडेआठ ते नऊ एवढ्याच वेळात का मिळतो, हेही त्यात आलं.

मुंबईत गोष्ट दुसऱ्या बाजूने घडत होती. सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या आज वाचताना मी थबकलो. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि जन्माचा अपंग झाल्यास पोटगी. पंधरा तारखेपर्यंत! म्हणजे पंधरा दिवस उशिरा मिळणारा पगार ही तेव्हा मागून घ्यायची गोष्ट होती. पगार अडकवून ठेवला की माणूस सोडून जात नाही, आणि न सांगता गेलाच तर अडकलेले पैसे मालकाचे. आमच्या तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडचे हे पणजोबा.

रविवार मिळायला सहा वर्षं लागली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असा मुद्दा लोखंड्यांनी मांडला होता असं सांगतात. तो मांडला असो वा नसो, पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. आज कुठल्याही कंपनीच्या सवलतींच्या यादीत रविवार लिहिलेला नसतो.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि माणसं जीव घेऊन गावी पळाली. पुढच्याच वर्षी त्या साथीने लोखंडेही गेले. गिरण्या ओस पडल्यावर, महिनोन्‌महिने पगार अडकवून ठेवणारे हेच मालक रोजच्या रोज रोख पैसे मोजू लागले, नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढ लागली. साथ ओसरली, माणसं परतली, आणि रोजची रोकड बंद झाली. 2021 मध्ये कोविड ओसरताना आमच्या धंद्यातही जॉइनिंग बोनस, दुप्पट पगार, घरपोच खुर्ची असं काय काय चाललं होतं. नंतरच्या दोन वर्षांत त्यातलं काय उरलं, ते या धंद्यातल्यांना सांगायला नको.

आता बोनस. पहिल्या महायुद्धात धान्य आणि कापड महागलं. गिरण्यांचा नफा मात्र तुफान वाढला. 1917 मध्ये मालकांनी महागाईपोटी पगारावर 10 टक्के ‘युद्ध बोनस’ दिला, मग 15, पुढे आणखी. पगारवाढ न म्हणता बोनस का म्हटलं? माझं मत असं, की पगार वाढवला तर तो परत कमी करता येत नाही. बोनसचं तसं नाही. युद्धानंतर नफ्याच्या वर्षांत याशिवाय वर्षाला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून मिळू लागला. बारा महिने राबायचं आणि तेरा महिन्यांचे पैसे घ्यायचे. मराठीत तेरावा महिना दुष्काळात येतो, गिरणगावात तो सुकाळात आला. कर्ज फिटायचं, गावी पैसे जायचे, लग्नं ठरायची. सलग काही वर्षं पैसे हातात आले की घरं त्या हिशेबाने चालायला लागतात.

1923 मध्ये मंदी आली आणि मालकांनी नोटीस लावली, यंदा बोनस नाही. जानेवारी 1924 मध्ये संप सुरू झाला आणि बघता बघता दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. नोंदणी झालेली युनियन नव्हती. युनियनचा कायदाच 1926 चा. संपाचा निधी नव्हता, वाणी उधार देईपर्यंतचीच ताकद. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने काम वेगाने उरकलं. निष्कर्ष असा, की बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने बजावता येईल असा कोणताही हक्क सिद्ध होत नाही. आणि 1923 चा नफा पाहता, बोनस देणं परवडत नाही हे मालकांचं म्हणणं बरोबर आहे. दरम्यान गोळीबारही झाला. मार्चअखेर माणसं रिकाम्या हाताने कामावर परतली.

माझ्या ऑफर लेटरमधलं तळटिपेचं वाक्य ते हेच. मसुदा करणाऱ्या वकिलाने मॅक्लिऑड वाचला असेल असं नाही. पण तेव्हा न्यायाधीशाला साक्षी-पुरावे बघून जे म्हणावं लागलं, ते आता आपण रुजू होतानाच सही करून म्हणतो.

कामगारांनी मात्र तो निकाल शेवटचा मानला नाही. चाळीस वर्षं हा वाद चालू राहिला. मुंबईच्या गिरण्यांच्याच दाव्यात 1950 साली कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिलं: नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरचा परतावा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद हे सगळं वजा करा; उरेल त्यात कामगाराचा वाटा आहे. 1955 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बोनस ही मेहेरबानी नव्हे. 1965 मध्ये कायदा झाला, किमान 4 टक्के, कंपनी तोट्यात असली तरी. 1972 मध्ये ते 8.33 झाले. हा विचित्र आकडा कुठून आला याचं मला कॉलेजपासून कुतूहल होतं. शंभर भागिले बारा. तोच एक महिना.

आणीबाणीत, 1975 साली, तो परत 4 वर आणला गेला आणि त्यालाही अटी घातल्या गेल्या. 1977 मध्ये सरकार बदललं, 8.33 परत आले. कायद्यात लिहिलेलंही काढून घेता येतं तर! पण ते काढून घेताना वटहुकूम काढावा लागतो, सगळ्यांना दिसतं. कँटीनमध्ये बोलावून भागत नाही.

माझे आजोबा लालबागला राहायचे आणि त्रासन खात्यात होते. आमच्या गावच्या घरात एक लोखंडी कपाट आहे, त्याला आजी अजून ‘बोनसचं कपाट’ म्हणते. बंब, शिवणयंत्र, आत्याच्या कानातले, सगळ्यांना ती असंच साल लावून सांगते. 1981 च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली, कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि 18 जानेवारी 1982 पासून अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. आजोबांनी दीड वर्ष वाट पाहिली आणि गावी आले. त्या संपाबद्दल ते बोलत नसत, आणि बाबांनी मला इंजिनिअरिंगला घालताना ‘युनियन असते तिथे नोकरी नको’ एवढंच म्हटलं होतं. एम्प्रेस मिलही पुढे बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे.

बोनसचा कायदा मला लागू नव्हता. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी तो होता, आणि त्या मर्यादेवरच्या आम्हाला मर्जी. माझ्या मजल्यावर तो एकाच व्यक्तीला लागू होता. आमच्याकडे सफाईचं काम करणाऱ्या मावशी ठेकेदाराकडून येतात. दिवाळीचा खोका त्यांना नव्हता, मी माझा त्यांना दिला. दोन दिवसांनी त्या एक कागद घेऊन टेबलापाशी आल्या. “दादा, हे बरोबर आहे का बघा जरा. बोनस आहे.”

रक्कम होती 6,997 रुपये. म्हणजे 7,000 रुपये महिना धरून वर्षाचे 8.33 टक्के. पण कायद्यात 7,000 किंवा त्या कामाचं किमान वेतन, यांतलं जे जास्त असेल ते धरायचं होतं, आणि मावशींचा पगारच 7,000 हून बराच जास्त होता. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला.

“मी विचारते साहेबांना,” त्या म्हणाल्या. “पण तोंडी सांगितलं तर ऐकणार नाहीत. तुम्ही लिहून द्या. कलम-बिलम टाकून.”

जवळ कोरा कागद नव्हता. खोक्यातलं शुभेच्छापत्र माझ्या खणात राहिलं होतं. त्याच्या मागच्या बाजूला मी हिशेब मांडला, खाली कायद्याचं नाव आणि साल लिहिलं. त्यांनी ते घडी घालून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलं आणि बादली उचलून पुढच्या रांगेकडे गेल्या.