सुईने शिवलेला अंबाडा

‘रेशमासारखे केस’ हे कौतुक ऐकायला बरं. अंबाडा घातला की आकडे तासाभरात मानेवर! मग रोमन बायकांचे ते उंच केशबंध टिकायचे कसे? टोप असणार, असं बरेच अभ्यासक मानत. बाल्टिमोरमध्ये केस कापण्या-बांधण्याचं काम करणाऱ्या जॅनेट स्टीफन्सला ते पटेना. सम्राज्ञी ज्युलिया डोम्नाचा पुतळा बघून तिने घरीच प्रयोग मांडले. लॅटिनमध्ये ‘आकुस’ म्हणजे आकडा, तशीच शिवणाची सुईसुद्धा. मग तिने वेण्या चक्क सुई-दोऱ्याने एकमेकींना शिवल्या. बसल्या की! गुळगुळीत आकडा निसटतो. दोरा आवळून धरतो. २००८ साली रोमन पुरातत्त्वाच्या नियतकालिकाने तिचा निबंध छापला. पदवी पुरातत्त्वाची नव्हती, हात मात्र रोज केसांत असायचे.