पराभूतांची स्मृती आणि अताईचे शिर

जेते इतिहास लिहितात, ही तक्रार आपण नेहमी करतो. परंतु पराभूतांनी जपलेल्या स्मृतीतही कोणाची तरी जागा कोरी राहते. ती कोणाची, हा प्रश्न चळवळीने स्वतःला विचारला पाहिजे. पॅरिस कम्यूनच्या हद्दपारांची हकीकत त्यासाठी तपासण्यासारखी आहे.

१८ मार्च १८७१ रोजी पॅरिसच्या श्रमिकांनी शहराचा कारभार हाती घेतला. बहात्तर दिवसांत तो चिरडला गेला. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात हजारो माणसे गोळ्यांना बळी पडली. काही बंडखोर लंडन, ब्रुसेल्स, जिनिव्हा येथे निसटले. लिसागारे याने परागंदा अवस्थेतच कम्यूनचा इतिहास लिहिला व तो १८७६ साली ब्रुसेल्सला छापला. आपल्या पुढाऱ्यांच्या चुका त्याने झाकल्या नाहीत, म्हणून तो ग्रंथ आजही उपयोगी पडतो.

चार हजारांहून अधिक लोकांना पॅसिफिकमधील न्यू कॅलेडोनिया बेटावर पाठवण्यात आले. पण हे बेट ओसाड नव्हते. ते कनक लोकांचे होते. फ्रान्सने ते १८५३ साली बळकावले होते. गोऱ्या वसाहतवाल्यांची गुरे कनकांची सुरणा-अळूची शेते तुडवीत होती, जमिनी हिरावल्या जात होत्या. जून १८७८ मध्ये कनकांनी उठाव केला. अताई हा त्यांचा एक प्रमुख नेता.

येथे हद्दपारांची खरी कसोटी लागली. ज्यांना सत्तेने चिरडले होते, त्यांनी कोणाची बाजू घ्यावी? बहुतेकांनी गोऱ्यांची घेतली. काहींनी तर हत्यार उचलून सरकारला मदत केली. पॅरिसमध्ये ज्यांना रानटी ठरवले गेले, त्यांनीच कनकांना रानटी ठरवले!

लुईझ मिशेल ही शिक्षिका मात्र त्या प्रवाहात वाहून गेली नाही. ती कनकांची भाषा शिकली, त्यांच्या कथा तिने लिहून काढल्या. उठावात सामील होण्याआधी दोघे कनक तिचा निरोप घ्यायला आले, तेव्हा कम्यूनच्या काळापासून जपलेला आपला लाल रुमाल तिने दोन तुकडे करून त्यांना दिला, असे तिने आठवणींत नोंदवले आहे.

१ सप्टेंबर १८७८ रोजी अताई मारला गेला. तोही फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या कनकांच्याच हातून. सत्ता शोषितांना शोषितांविरुद्ध कशी वापरते, ते यात दिसते. त्याचे शिर पॅरिसच्या मानवशास्त्रज्ञांकडे गेले.

१८८० साली कम्यूनवाल्यांना सार्वत्रिक माफी मिळाली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये हुतात्म्यांच्या भिंतीपाशी मिरवणुका सुरू झाल्या. पण १८७१ सालीच अल्जीरियात उठलेले आणि त्याच बेटावर हद्दपार झालेले कबाईल बंडखोर या माफीतून वगळले गेले. त्यांना १८९५ पर्यंत थांबावे लागले. अताईचे शिर तर २०१४ साली कनकांना परत मिळाले. ज्या शहरात दरवर्षी कम्यूनच्या मृतांना फुले वाहिली जात, त्याच शहरात ते पडून होते.

स्वतःच्या जखमेची आठवण माणसाला आपोआप मुक्तिवादी करीत नाही. आपल्याहून खाली दाबलेला माणूस उठतो, त्या दिवशी आपण कोठे उभे राहतो, यावर आपल्या स्मृतीचे मोल ठरते. मिशेलचा फाटलेला रुमाल त्या बाजूचा साक्षीदार आहे. बाकीच्यांच्या खांद्यावरच्या बंदुकाही तितक्याच साक्षीदार आहेत. इतिहासात दोन्ही लिहिले पाहिजे.