क्लोरीन : विष, औषध आणि मीठ

हिरवट-पिवळा, उग्र वासाचा क्लोरीन वायू स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले यांनी १७७४ मध्ये प्रथम मिळवला. ते मूलद्रव्य असल्याचे हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवून दिले. क्लोरीनचा अणू दुसऱ्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन खेचून घेण्यास उत्सुक असतो. त्याचे सारे गुणदोष या एका गुणधर्मात सामावलेले आहेत.

श्वासावाटे शरीरात गेलेला क्लोरीन श्वसनमार्गातील ओलाव्याशी संयोग पावून आम्ले तयार करतो. फुफ्फुसांत पाणी साचून माणूस दगावू शकतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने त्याचा अस्त्र म्हणून वापर केला.

हाच क्लोरीन अत्यल्प प्रमाणात पाण्यात मिसळला, की कॉलरा व विषमज्वराचे जंतू मारतो. अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ मध्ये शहराच्या पाण्याचे नियमित क्लोरिनीकरण सुरू झाले. भारतीय मानकानुसार क्लोरीनने शुद्ध केलेल्या पाण्यात, ते ग्राहकापर्यंत पोहोचताना, दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला येणारा वास बहुधा याचाच असतो.

सोडियमकडून इलेक्ट्रॉन मिळाला, की क्लोरीनचे क्लोराइड होते आणि त्याचा दाहक स्वभाव संपतो. हेच आपले मीठ. त्यात वजनाने सुमारे ४० टक्के सोडियम व ६० टक्के क्लोराइड असते. जठरातील आम्ल आणि शरीरातील द्रवांचा समतोल यांसाठी क्लोराइड आवश्यक आहे. मात्र अति मिठातील सोडियममुळे रक्तदाब वाढतो. प्रौढांनी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही या हिशेबात धरायला हवे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने ते मनसोक्त खाणे योग्य नव्हे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.

घरातील खरा धोका न्हाणीघरात असतो. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि आम्लयुक्त स्वच्छतागृह-क्लीनर एकत्र केल्यास क्लोरीन वायू बाहेर पडतो. अमोनियायुक्त द्रावणातही ब्लीच मिसळू नये. चुकून मिसळल्यास तत्काळ मोकळ्या हवेत जावे आणि श्वासाचा त्रास जाणवल्यास डॉक्टरांना गाठावे.