चार बाजूंचे पुराण

कोणताही रसिकसंप्रदाय एकदा स्थिरावला, की त्याच्या प्रमाणकृती, त्याचे सुवर्णयुग आणि त्याच्या अधःपाताचे वर्ष ही तिन्ही ठरून जातात, आणि त्या ठरावाला हरकत घेणाऱ्यावर आपले म्हणणे मांडण्यापूर्वीच क्षमायाचनेची वेळ येते. रॉक संगीताला पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विस्तार आणि जॅझची लयदृष्टी देऊ पाहणाऱ्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या चाहत्यांत हा प्रघात विशेष दृढ आहे. किंग क्रिमसन या वाद्यवृंदाच्या ऑक्टोबर १९६९ मधील पहिल्या तबकडीने आरंभ झाला, १९७२ साली जेनेसिसच्या 'फॉक्सट्रॉट'ने आणि येसच्या 'क्लोज टु दि एज'ने शिखर गाठले, आणि डिसेंबर १९७३ मध्ये त्याच येसने काढलेल्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या दुहेरी तबकडीपासून अतिरेक व ऱ्हास सुरू झाला, असा निवाडा या संप्रदायाच्या दप्तरी नोंदलेला आहे. हा निवाडा मला मान्य नाही, आणि तो का झाला याचा इतिहास पाहता तो पुन्हा तपासला जावा असे मला मनापासून वाटते.

या तबकडीची जन्मकथा मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी आहे. येस सोडून किंग क्रिमसनमध्ये गेलेला ड्रमवादक बिल ब्रूफर्ड याच्या विवाहसमारंभात, मार्च १९७३ मध्ये, क्रिमसनचाच तालवादक जेमी म्यूर याने येसचा गायक जॉन अँडरसन याला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राविषयी सांगितले. १९४६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठीत 'योगी कथामृत' या नावाने वाचला जातो. त्याच महिन्यात टोकियोच्या मुक्कामी तो वाचत असताना अँडरसनची दृष्टी एका तळटीपेवर खिळली. शास्त्रांचे श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे असे चार वर्ग आहेत, असे सांगून त्या शब्दांचे अर्थ थोडक्यात देणारी ती टीप होती. परंतु एखाद्या विशाल रचनेच्या शोधात असलेल्या त्या गायकाला तेवढ्यात चार खंडांची चौकट सापडली. गिटारवादक स्टीव्ह हाऊ याच्यासह त्याने दौऱ्यातल्या हॉटेलांच्या खोल्यांत, मेणबत्तीच्या उजेडात, तिचा मसुदा रचीत नेला, आणि अमेरिकेतील सव्हाना या गावी रात्रभर बसून तो पुरा केला.

तबकडीच्या एकेका बाजूवर एक अशा या चार खंडांच्या शीर्षकांकडे पाहावे. पहिल्यात ईश्वरविद्येचे प्रकटीकरण आहे, दुसऱ्यात स्मरण, तिसऱ्यात प्राचीनता आणि चौथ्यात विधी. इंग्रज टीकाकारांना ही नावे गूढतेचे धुके वाटली. आपल्याला मात्र त्यांत सरळ शब्दार्थ दिसतो, कारण स्मृती म्हणजे आठवलेले आणि पुराण म्हणजे जुने, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 'तंत्र' या शब्दाचा अर्थ विधी असा करणे तितकेसे बरोबर नाही, कारण तो तन् या विस्तारवाचक धातूपासून आला असून वैदिक भाषेत मागावरच्या ताण्यालाही तंत्र म्हणत. आणि स्मृती म्हटले की आपल्या पंडितांना महाभारत-रामायणाआधी मनू आणि याज्ञवल्क्य आठवतात. अँडरसनने टिपेपलीकडचे शास्त्र अभ्यासल्याची खूण त्याच्या काव्यात दिसत नाही, हा आक्षेप मी मान्य करतो. परंतु ऐकणे, आठवणे, जुने उकरणे आणि अखेर कृतीला लागणे हा जो क्रम त्याने उचलला, तो संगीतात उतरवण्याजोगा आहे आणि त्याने तो प्रामाणिकपणे उतरवला आहे.

या तबकडीवरची मुख्य फिर्याद पाल्हाळाची आहे, आणि तिचा पहिला फिर्यादी वाद्यवृंदातलाच होता. कळवाद्ये वाजवणाऱ्या रिक वेकमनचे म्हणणे असे, की सामग्री एका तबकडीला पुरेल त्याहून अधिक होती आणि दोन तबकड्यांना पुरेल त्याहून कमी, म्हणून मधल्या जागा भरून काढाव्या लागल्या. मँचेस्टरच्या एका प्रयोगात त्याने रंगमंचावरच मागवून करी खाल्ल्याची गोष्ट त्याने स्वतःच अनेकदा सांगितली आहे, आणि या कृतीविरुद्ध पुरावा म्हणून आजही तीच पुढे केली जाते. मे १९७४ मध्ये तो बाहेर पडला. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. दुसऱ्या बाजूवर तीच कल्पना नवे काही न सांगता परत येते अशा जागा मलाही जाणवतात. मात्र हा दोष केवळ गर्वातून उपजला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांहून फार अधिक ध्वनी कोरू गेले, तर खाचा अरुंद होऊन आवाज आणि खर्ज दोन्ही क्षीण होत. त्यामुळे संगीतकाराला चाळीस मिनिटे मिळत किंवा ऐंशी, आणि साठ मिनिटांच्या रचनेला घरच नव्हते.

दुसरे कारण ऐकवण्याच्या रीतीत होते. तबकडी बाजारात येण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९७३ मध्ये, लंडनच्या रेनबो थिएटरात ती सबंध वाजवली गेली, आणि बहुतेकांच्या पूर्वी कानी न पडलेले संगीत श्रोत्यांना एका बैठकीत ग्रहण करावे लागले. आपल्याकडे विलंबित ख्याल तासभर चालला तरी जाणत्या श्रोत्याच्या कानात रागाची चौकट आधीच असते. तिथे अशी चौकट नव्हती. तरीही ब्रिटनच्या विक्रीयादीत ती दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. म्हणजे तिची अप्रतिष्ठा त्या दिवसांत पुरी झाली नव्हती.

ती पुढे झाली. १९७६-७७ मध्ये पंकची लाट आली, लांबलचक रचना हा उपहासाचा विषय बनला, आणि त्या काळी प्रोग्रेसिव्ह रॉकवरच्या आरोपपत्रात या तबकडीचे नाव अग्रभागी लिहिले गेले. खरी खेदाची गोष्ट याच्या पुढची आहे. चाहत्यांनी तो आरोप खोडून काढण्याऐवजी कबूल केला. जणू ही एक तबकडी जामीन म्हणून ओलीस देऊन त्यांनी बाकीच्या सोडवून आणल्या. जेनेसिसबाबतही असेच घडले. गायक पीटर गेब्रिएल १९७५ मध्ये गेल्यावर तो वाद्यवृंद संपला असे आजही निष्ठावंत सांगतात, पण त्याच्याविना निघालेली 'अ ट्रिक ऑफ द टेल' फेब्रुवारी १९७६ मध्ये आली, ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, आणि तिच्यातील वादनाची वीण मला आधीच्या काळातील वादनाहून सैल वाटत नाही. अँडरसनविना निघालेली येसची १९८० सालची 'ड्रामा' हीही अशीच बहिष्कृत ठरली होती.

माझे सर्वांत अप्रिय मत तिसऱ्या बाजूविषयी आहे. चाहते ज्या बाजूवरून सुई उचलतात ती हीच. आरंभी तालवाद्यांचा खडबडीत आघात, त्यावर हाऊच्या स्टील गिटारचा ताणलेला, जवळजवळ कर्कश स्वर, आणि मग सूर्याची निरनिराळ्या भाषांतील नावे, ज्यांत आपल्या देशातील शब्दही ऐकू येतात. तिथे आधारासाठी चाल नाही, समजूत घालणारी संवादिता नाही. लुप्त झालेल्या संस्कृतींचे अवशेष खणताना फावडे दगडावर आपटावे तसे ते संगीत वाटते, आणि पुराण या शब्दाला शोभेल असा प्राचीनतेचा भार त्या सबंध कृतीत मला फक्त तेथेच जाणवतो. अखेरीस सारे वाद्यनाद मागे सरतात आणि साध्या गिटारवर एक छोटे गीत उरते. ते गीत सर्वांना आवडते. परंतु आधीची बारा-तेरा मिनिटे सोसल्यावाचून ते ऐकणे म्हणजे चढण न चढता गडमाथ्यावरचे पाणी पिणे होय, असे मला वाटत आले आहे.

२०१६ साली हाऊ ज्यात अजून वाजवीत होता त्या येसने अमेरिकेच्या दौऱ्यात 'ड्रामा' सबंध आणि या तबकडीचा पहिला व चौथा खंड पूर्ण वाजवला. एके काळी वाळीत टाकलेल्या दोन कृती एका रंगमंचावर शेजारी बसल्या, आणि त्याच वर्षी संगीतकार स्टीव्हन विल्सनने केलेले 'टेल्स'चे नवे ध्वनिमिश्रणही प्रसिद्ध झाले. तिसऱ्या बाजूमधून त्या दौऱ्यात घेतले गेले ते केवळ शेवटचे गिटारगीत. त्याआधीचा तो खणण्याचा भाग ऐकायचा असेल तेव्हा मी आजही दुसरी तबकडी पाकिटातून काढतो, रॉजर डीनने पाकिटावर रंगवलेले ते पाण्यातले खडक क्षणभर पाहतो, आणि सुई अगदी कडेला ठेवतो.