बालाघाटातला टार्ट

नाताळच्या गोडधोडाचा विषय निघाला की आपल्या समाजातील लेखन बहुधा समुद्राकाठी जाऊन थांबते. वसईचे वाडे, गोव्याची बिबिंक, मुंबईच्या बेकऱ्या एवढ्यावरच ते पुरे होते. बालाघाटाच्या कोरडवाहू टापूत, बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या गावी, कुटुंब एकत्र जमले असता घरी फळांचे छोटे टार्ट भाजायचे म्हटले तर त्यामागे कोणता इतिहास उभा राहतो, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. आम्हांला तो विचारण्याजोगा वाटतो.

टार्ट म्हणजे तळहातात मावणारी मैद्याची खुसखुशीत वाटी आणि तीत फळाचे सारण. थंड लोणी मैद्यात बोटांनी चोळून ते रव्यासारखे मोकळे करावयाचे, गार पाण्याच्या हबक्याने गोळा बांधावयाचा, तो लाटून साच्यात बसवावयाचा आणि फुगू नये म्हणून तळाला काट्याने टोचे द्यावयाचे. आपल्या करंजीशी त्याचे नाते उघड आहे. फरक इतकाच की करंजी मिटलेली असते व तळली जाते, टार्टचे तोंड उघडे असते व तो भाजला जातो. मध्ययुगीन युरोपात हे कवच जाडजूड असे आणि सारण शिजवण्याचे भांडे म्हणूनच ते वापरीत. इंग्रजीत त्या कवचाला जो शब्द होता तोच पुढे शवपेटीसाठी रूढ झाला! लोण्याचे प्रमाण वाढले तेव्हा भांडेही खाण्याजोगे झाले.

हा प्रकार आपल्याकडे पोर्तुगीजांच्या वाटेने आला, असे मानण्यास जागा आहे. 1510 मध्ये गोवा आणि 1534 मध्ये वसई त्यांच्या ताब्यात गेली. पाव, बिस्कुट, काजू, अननस हे शब्द त्यांच्याच भाषेतून मराठीत उतरले. पोर्तुगालमधील मठांत अंड्यांचा पांढरा बलक वस्त्रांना खळ देण्यासाठी लागे आणि उरलेल्या पिवळ्या बलकाची पक्वान्ने होत, असे परंपरा सांगते. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाची उभारणी 1606 मध्ये सुरू झाली, आणि गोव्याच्या काही पक्वान्नांचे श्रेय लोक आजही अशा मठांना देतात. मात्र गोव्यातील स्वयंपाकघराने बदामाच्या जागी नारळ घातला, पेरूचा गर साखरेत आटवून पेराड केली. उसन्या पदार्थाला आपल्या अंगणातील फळ देणे हीच खरी पाककला, असे आमचे मत आहे.

भट्टी मात्र मराठवाड्यात समुद्रावरून आली नाही. मुहंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली. त्याच्या लष्कराबरोबर नान आणि खलिया या मुलखात आले, अशी तेथील समजूत आहे. पुढे सप्टेंबर 1948 पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते आणि नान, नानकटाई, बिस्किटे भाजणारा भट्टीवाला बाजारपेठेच्या गावी ओळखीचा झाला. घरचे तूप, मैदा, साखर घेऊन बेकरीत जावे, मजुरी देऊन डबाभर नानकटाई भाजून आणावी, ही रीत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी होती. घरी भाजणाऱ्या गृहिणी पातेल्यात वाळू तापवून झाकणावर निखारे ठेवीत. विजेची गोल ॲल्युमिनियमची भट्टी त्यानंतरची. टार्टला आच दोन्ही अंगांनी लागते, आणि ती या निखाऱ्यांनीही मिळते.

आता फळ. बीडचे नाव घेताच सीताफळ आठवते. 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण सीताफळाचा गर तापविला की कडवटतो, म्हणून तो भट्टीत जाऊ शकत नाही. वाटी आधी भाजून पूर्ण निववावी आणि मग साईबरोबर घोटलेला गर तीत भरावा. शिवाय त्याचा मुख्य हंगाम नाताळपूर्वीच ओसरतो. डिसेंबरात हाताशी असतात ते पेरू आणि बोरे. पैकी पेरू साखरेत उत्तम आटतो.

साखरेपाशी आलो की विषय जड होतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला. त्यापाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि ऊस तोडण्यास हात लागले. ते बीड जिल्ह्याने पुरविले. 1972 च्या दुष्काळाने तर ही वाट अधिकच रुंद केली. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड हलवायचे आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडाशेजारच्या कोपीत राहायचे. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाची गणती हत्याराने व्हावी, हे आम्हांला कधीच सहज वाटलेले नाही. वडवणी तालुकाही या स्थलांतराच्या पट्ट्यातच येतो.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ काय? नाताळ नेमका हंगामाच्या मध्यावर पडतो. मराठवाड्यातील आपला समाज मुख्यतः खेड्यांतला आहे; 1977 मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला, त्यापूर्वीही मिशनची कामे खेड्यांतच उभी राहिली होती. ज्या घरातील कर्ती माणसे फडावर आहेत, तेथे 25 डिसेंबरला म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले उरतात. साखर ज्यांनी तोडली त्यांचेच पाट पंगतीत रिकामे असतात.

अशा घरी कुटुंबाची खरी भेट पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास होते. तो सण 22 मार्च ते 25 एप्रिल यांदरम्यान केव्हाही येतो आणि हंगामही तेव्हाच संपत आलेला असतो. मग टार्ट नाताळचाच असावा, हा हट्ट कशासाठी? एप्रिलात झाडावर कैरी असते. तिचा कीस गुळात वा साखरेत शिजवून घट्ट केला तर तो आचेला कडवटत नाही, आणि त्याच्या आंबटपणाने लोण्याचा जडपणा कमी होतो. वाटी आधी अर्धवट भाजून घ्यावी, सारण काठाखाली बोटभर भरावे आणि पुन्हा दहा-बारा मिनिटे भट्टीत ठेवावे. चाळीसएक टार्टना किलोभर कैरी पुष्कळ होते. सारण दोन दिवस आधी करून ठेवले तरी चालते. फडावरून गाडी कोणत्या दिवशी परतेल याचा नेम नसतो, म्हणून वाट्या तेवढ्या माणसे घरी आल्यावर भाजाव्यात.