गाण्याचें मोल आणि गाण्याची चोरी

गाण्याच्या चोरीचा इतिहास सांगतांना चोराबरोबर दुकानदाराचीहि जबानी घेतली पाहिजे.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित करून ग्रामोफोन कंपनीनें या देशांत बस्तान बसविलें. बालगंधर्वांचीं पदें नाट्यगृहाबाहेर दूरवर पोंचलीं तीं तबकडीमुळें. तें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु तबकडीला यंत्र लागे, यंत्राला पैसा लागे, आणि जवळजवळ एकहातीं चाललेल्या व्यापारांत भाव उतरविण्याची निकड कोणास असणार? भोरहून महाडकडे जातांना लागणाऱ्या हिरडोशीसारख्या मावळी गांवांत तबकडी विकत घेणारें घर विरळाच. तेथें गाणें ऐकावयाचें तें लग्नांतल्या कर्ण्यावर, नाहीं तर जत्रेंतल्या तमाशांत.

१९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें कॅसेट काढली. पुढें आखातांत नोकरीस गेलेले लोक परततांना टेपरेकॉर्डर आणूं लागले आणि चित्र पालटलें. तबकडीची नक्कल घरीं होत नसे, कॅसेटची होई. शहरांतून अशीं दुकानें निघालीं कीं, गिऱ्हाइकानें आवडत्या गाण्यांची यादी व कोरी कॅसेट द्यावी आणि दोन दिवसांनीं ती भरलेली घेऊन जावी. कंपनी म्हणे, ही चोरी. कायदाहि तेंच म्हणे. १९८४ सालीं शिक्षा अधिक कडक झाल्या. गिऱ्हाइकाचें म्हणणें निराळें: दहा गाण्यांत मला हवीं दोन, मग आठांचे पैसे कां भरूं? हा प्रश्न मला अजूनहि अगदींच गैरवाजवी वाटत नाहीं.

हा असंतोष ओळखला तो गुलशनकुमार यांनीं. दिल्लीच्या दर्यागंजांत फळांच्या रसाचें दुकान चालविणाऱ्या कुटुंबांतले हे गृहस्थ. १९८३ सालीं त्यांची टी-सीरिज कंपनी निघाली. ठराविक रॉयल्टी भरून जुनें गाणें निराळ्या गळ्यांतून पुन्हा मुद्रित करण्याची मुभा १९५७ च्या कायद्यांत होती. तिचा त्यांनीं मनमुराद उपयोग केला, कॅसेट स्वस्त केली आणि ती पानवाल्याच्या दुकानींहि ठेवली. रसिकांनीं नाकें मुरडलीं; खप वाढतच गेला. कॅसेटच्या स्वस्ताईचा एक लाभ मात्र निर्विवाद आहे. प्रल्हाद शिंदे यांचीं भक्तिगीतें व भीमगीतें, विठ्ठल उमप यांचीं लोकगीतें खेड्यापाड्यांतल्या घरांत शिरलीं.

१९९९ सालीं अमेरिकेंत शॉन फॅनिंग या तरुणानें नॅप्स्टर सुरू केलें. संगणकावरचीं गाणीं लोक परस्परांस फुकट देऊं लागले. न्यायालयाच्या बडग्यानें तें २००१ मध्यें बंद पडलें, पण संवय कांहीं गेली नाहीं. आपल्याकडे एमपीथ्रीच्या एका चकतीवर शंभराहून अधिक गाणीं मावत आणि ती पदपथावर मिळे. पुढें तालुक्याच्या बाजारांतला मोबाइलवाला थोडक्या पैशांत मेमरी कार्ड गाण्यांनीं भरून देऊं लागला. मावळांतल्या मुलांस दुकानांतली महाग तबकडी ठाऊकच नव्हती. त्यांना चोर म्हणतांना जीभ अडखळते.

परंतु या भांडणांत गाणारा कोठें होता? १९६० नंतरच्या दशकांत लता मंगेशकर यांनीं गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. महंमद रफी यांस तो पटला नाहीं, आणि कांहीं वर्षें दोघांनीं एकत्र गाणें सोडलें. म्हणजे कंपनीच्या महाग मालांतूनहि कलावंताच्या पदरीं बहुधा ठोक रक्कमच पडे; चोरट्या मालांतून तर कांहींच नाहीं. कवि, संगीतकार आणि गायक यांचा रॉयल्टीवरील हक्क कायद्यानें भक्कम केला तो २०१२ सालीं. तोंवर प्रल्हाद शिंदे २००४ मध्यें आणि विठ्ठल उमप २०१० मध्यें निवर्तले होते.